कवचधारी औषधवाहक

बीदर शहराजवळ नौबाद येथे बहमनी काळातील कारेझ आहे. जमिनीखाली बोगदा खोदून त्यातून पाणी दूरवर न्यावयाचे, अशी ही योजना. उघड्या पाटाने नेलेले पाणी वाटेत उन्हाने आटते व गढूळ होते. म्हणून त्याला वाटभर झाकून न्यावयाचे आणि जेथे ते वापरावयाचे तेथेच उघडे करावयाचे. वाटेत झाकणे आणि मुक्कामी उघडणे! आधुनिक औषधशास्त्रापुढील एक अत्यंत बिकट प्रश्न या दोन क्रियांतच सामावलेला आहे. तो प्रश्न कोणता व शास्त्रज्ञ तो कसा सोडवू पाहत आहेत, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

कर्करोगाच्या उपचारासाठी आपल्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांना कलबुर्गी, बार्शी, हैदराबाद किंवा मुंबई येथील रुग्णालयांची वाट धरावी लागते. औषध सुरू झाले की रोग्याचे केस गळतात, ओकाऱ्या होतात, अंगातील त्राण जाते. असे का व्हावे? शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारणे हा त्याचा धर्म. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तद्वतच केसांच्या मुळांतील आणि अस्थिमज्जेतील पेशीही तशाच असतात. औषधाला त्यांतील भेद कळत नाही. डॉक्सोरुबिसिन हे गुणकारी औषध तर हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. म्हणून एका रोग्याला ते एकंदर किती द्यावे, यालाच मर्यादा घालावी लागते. औषध हाती आहे, पण ते पुरेसे देता येत नाही, अशी ही अडचण होय.

जनुकांच्या बाबतीत ही अडचण अधिकच वाढते. सदोष जनुकामुळे होणाऱ्या रोगात निर्दोष जनुक पेशीत पोहोचविता आले, तर रोगाच्या मुळावरच घाव घालता येईल. परंतु जनुक म्हणजे डीएनएचा लांबलचक धागा. रक्तातील पाचक द्रव्ये त्याचे तुकडे करतात. शिवाय त्यावर ऋण विद्युत्भार असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो; त्यामुळे तो आत शिरत नाही.

विषाणूंना मात्र पेशीत शिरण्याची कला जन्मतःच अवगत असते. त्यांतील रोगकारक भाग काढून त्यांनाच वाहक करावे, ही कल्पना त्यातून निघाली. तिला यशही आले. मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनातून सिद्ध झालेल्या आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या 'नेक्सकार१९' या उपचारात रोग्याच्या रक्तपेशी शरीराबाहेर काढून, निर्धोक केलेल्या विषाणूच्या साह्याने त्यांत नवे जनुक घालतात. परंतु विषाणू प्रत्यक्ष शरीरात सोडणे नेहमीच निर्धोक नसते. १७ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जेसी गेलसिंगर हा अवघा १८ वर्षांचा तरुण अशाच एका प्रयोगात दगावला. वाहक म्हणून दिलेल्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने तीव्र प्रतिकार केला होता. विषाणूवाचून जनुक नेता येईल काय, या प्रश्नाला त्यामुळे अधिकच महत्त्व आले.

या प्रश्नाचे एक उत्तर रसायनशास्त्राने दिले, ते बहुवारिकांचे. एकाच जातीचे अनेक लहान रेणू साखळीप्रमाणे जोडले की बहुवारिक तयार होते. १९९५ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी पॉलिएथिलीनइमाइन हे बहुवारिक जनुके नेण्यास उपयोगी पडते, असे दाखविले. यावर धनभार असतो. ऋणभारित डीएनए त्याला चिकटतो, आणि दोहोंची मिळून मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी गुठळी बनते. ती पेशीला चिकटते व पेशी तिला एका पिशवीत घेऊन गिळते.

पण जो धनभार उपयोगी, तोच घातक! रक्तातील अनेक प्रथिनांवर ऋणभार असतो. ती या गुठळ्यांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. पेशींची आवरणेही फाटतात. यावर उपाय म्हणून गुठळीभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे कवच चढवितात. या द्रव्याला विद्युत्भार नसतो आणि पाण्याची मोठी ओढ असते. त्यामुळे वाहकाभोवती पाण्याचा जणू अंगरखाच तयार होतो व प्रथिने दूर राहतात.

येथे दुसरे संकट उभे राहते. बीदरच्या किल्ल्याला खडकात खोदलेला तिहेरी खंदक आहे. समजा, एखादा जासूद वेषांतर करून शत्रूच्या मुलखातून सुखरूप आला. पण वेशीपाशीही त्याने वेष टाकला नाही, तर त्याचेच पहारेकरी त्याला आत घेणार नाहीत. कवचाचेही तसेच होते. म्हणून कवच मुक्कामी आपोआप गळून पडेल, अशी योजना करावी लागते. रक्ताचा पीएच सुमारे ७.४, म्हणजे किंचित अल्कधर्मी असतो. पेशीच्या पिशवीत तो ५ ते ६ पर्यंत उतरतो. रक्तात टिकणाऱ्या, पण आम्लात तुटणाऱ्या बंधाने कवच जोडले, की काम साधते. दुसरी युक्ती गंधकाच्या बंधांची. हे बंध तोडणारे ग्लुटाथायोन हे द्रव्य रक्तापेक्षा पेशीच्या आत शेकडो पटींनी अधिक असते. साखळीतच असे बंध घातले, तर काम झाल्यावर तिचे लहान तुकडे होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडू शकतात.

कवचाचा हा विचार केवळ कागदावर राहिलेला नाही. डॉक्सोरुबिसिन स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म कुपीत भरून, तिला वरील कवच चढवून केलेल्या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाला होणारी इजा त्याने कमी झाली. २०१२ मध्ये त्या देशात या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा या कंपनीचे 'लायपोडॉक्स' तेथे आयात करण्यास परवानगी देण्यात आली. मात्र हेही औषध सर्वथा निरुपद्रवी नाही. काही रोग्यांचे तळहात व तळपाय लाल होऊन दुखतात. तसेच काहींच्या शरीरात कवचाविरुद्धच प्रतिद्रव्ये निर्माण होतात, म्हणून कवचासाठी इतर द्रव्यांचाही शोध चालू आहे. जनुके वाहून नेणारी बहुवारिके तर अजून बहुतांशी प्रयोगशाळांत व चाचण्यांतच आहेत. म्हणून 'नॅनो' या नावाला भुलून कोणी जाहिरातीतील औषध घेऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे घरोघरी सांगणे अगत्याचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत निळा लिटमस कागद आम्लात बुडविताच तांबडा होतो. आम्लाचा स्पर्श होताच रेणूत बदल घडतो, हे तो साधा कागद आपणांस शिकवितो. याच तत्त्वावर उद्या कोणी एखाद्या रोग्याचे औषध अचूक जागी उघडील. ते काम करणारे हात आपल्याच सीमाभागातील एखाद्या शाळेत आज लिटमस धरीत असतील, अशी आशा आम्ही बाळगतो.