हौशी छायाचित्रकाराची खरेदी (भाग ४) : बॉडी साधी, लेन्स नेमकी

गेल्या भागात सेन्सरचे आकार पाहिले. आता दुकानाच्या काउंटरवर उभं राहून विचारला जाणारा प्रश्न घेऊ. हाताशी लाखभर रुपये आहेत, तर त्यातले बॉडीत किती घालायचे आणि लेन्समध्ये किती? बहुतेक हौशी माणसं बॉडी आधी ठरवतात. जमेल तितकी नवी, जमेल तितक्या मेगापिक्सेलची बॉडी घेतात आणि तिच्याच खोक्यात येणारी किट लेन्स घेऊन घरी येतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. काय टिपायचं ते आधी ठरवावं, त्याला लागणारी लेन्स घ्यावी, आणि त्या लेन्सला पुरेल अशी साध्यातली साधी बॉडी शोधावी. लाखातले साठ-पासष्ट हजार लेन्समध्ये गेले तरी बिघडत नाही. बॉडी दोन पिढ्या मागची, वापरलेली असली तरी चालते. अर्थात एवढं म्हणून कुणी ऐकणार नाही, कारण दुकानदार, यूट्यूब आणि मित्रमंडळी या तिघांचाही कौल बहुधा नव्या बॉडीकडे असतो. म्हणून वऱ्हाडातलीच दोन उदाहरणं घेऊन हिशेब मांडू.

पहिलं उदाहरण मेळघाटातलं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं, त्यामुळे कॅमेरा घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी वाघच उभा राहतो. पण डोंगरदऱ्यांच्या या सागवानी जंगलात वाघ ताडोबासारखा सहज दिसत नाही. त्याच्या भरवशावर लेन्स निवडू नये. इथे छायाचित्रकाराने शोधावा असा जीव म्हणजे रानपिंगळा. १८७३ साली शास्त्रीय वर्णन झालेला हा पक्षी १८८४ नंतर शतकभराहून अधिक काळ कुणाला दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. घुबडांच्या कुळातला असूनही तो दिवसा वावरतो, म्हणजे उजेडाची अडचण नाही. अडचण आहे आकाराची. डोक्यापासून शेपटीपर्यंत तो जेमतेम २३ सेंटिमीटर भरतो. तो वीस मीटरवरच्या सागाच्या फांदीवर बसला आहे असं धरा. ३०० मिमी लेन्सने त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर याचे होतात सुमारे ८८० पिक्सेल. किट लेन्सच्या ५५ मिमीला हाच पक्षी १६० पिक्सेलांत आटोपतो, म्हणजे फोटोत तो आहे हे बोट ठेवून दाखवावं लागतं. त्याच बॉडीवर ५०० मिमी लावली की १,४७० पिक्सेल मिळतात आणि ६०० मिमीला १,७६० च्या घरात.

आता हेच पैसे बॉडीत घालून बघू. क्रॉप सेन्सरमध्ये आज ४० मेगापिक्सेलच्या बॉड्या मिळतात. तीच ३०० मिमी लेन्स अशा बॉडीवर लावली तर रानपिंगळा ८८० वरून साधारण १,१३० पिक्सेलांपर्यंत जातो. आकडा २४ वरून ४० वर गेला, पण पक्ष्याची लांबी दुपटीच्या जवळही गेली नाही. ती तीस टक्क्यांच्या आतच वाढली, कारण मेगापिक्सेल क्षेत्रफळ मोजतात आणि लांबी त्यांच्या वर्गमुळाने वाढते. ३०० ऐवजी ६०० मिमी लेन्स घेऊन जो फरक पडतो, तो बॉडीतून मिळवायचा तर ९६ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर लागेल. तसा कॅमेरा हौशी माणसाच्या बाजारात नाही. शिवाय ४० मेगापिक्सेलचे बारीक पिक्सेल लेन्सकडून जास्त तपशील मागतात, आणि स्वस्त झूम शेवटच्या टोकाला तो देत नाही. लांब लेन्सच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो हिशेबातला नसला तरी सांगायला हवा. रानपिंगळा धोक्यात आलेला पक्षी आहे. पिक्सेल कमी पडले की पावलं पुढे पडतात, आणि ढोलीजवळ गेलेला माणूस पक्ष्याला महागात पडतो.

यावर जाणकारांचा आक्षेप ऑटोफोकसचा असतो, आणि तो हलका नाही. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर चिकटून राहणारा फोकस ही गेल्या काही वर्षांत बॉडीतच आलेली सुधारणा आहे. उडत्या नीलपंखाचे दहा फोटो काढले तर त्यातले धारदार किती निघतील, हे तिच्यामुळे खरोखर बदलतं. हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. फांदीवर बसलेल्या पक्ष्याला जुन्या डीएसएलआरचा मधला एकच फोकस पॉइंटही पुरतो. निकॉन डी ७२०० सारखी २०१५ ची बॉडी या कामात आजही कमी पडत नाही. आणि उडते पक्षीच हवे असतील, तर डोळा ओळखणारा फोकस महागड्या बॉड्यांपुरता राहिलेला नाही. कॅननच्या आर १० मध्ये तो २०२२ सालीच आला. तेव्हा आक्षेप मान्य केला तरी त्यातून निघणारा सल्ला ‘हवा तो फोकस देणारी सर्वांत स्वस्त बॉडी घ्या’ एवढाच आहे.

लेन्सचीही मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख दुकानाची जाहिरात वाटेल. मोर्शीजवळचा नल-दमयंती सागर किंवा अकोल्याजवळचा कापशी तलाव इथे हिवाळ्यात बदकं काठापासून बरीच आत बसतात. तिथे ६०० मिमी लावूनही ऊन चढल्यावर काढलेले फोटो मऊ येतात आणि दोष लेन्सला दिला जातो. पाणी, जमीन आणि हवा वेगवेगळ्या वेगाने तापतात, गरम हवेचे थर हलू लागतात आणि त्यातून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वळत राहतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तर सकाळी नऊनंतर पन्नास मीटरपलीकडचं काहीच धड येत नाही. दोन लाखांची लेन्सही इथे हात टेकते. उपाय पहाटे निघण्याचा आहे, आणि तो फुकट आहे.

दुसरं उदाहरण नेमकं विरुद्ध टोकाचं, अंधारातलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड निघते. शिवभक्त मंडळं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी भरून रात्रभर चालत येतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. भरण्यांनी लगडलेल्या कावडी, त्यांच्याखाली वाकलेले खांदे, ढोल, वर पाऊस, आणि उजेड म्हणाल तर रस्त्यावरचे दिवे आणि एखाद्या ट्रॅक्टरवरची माळ. चालत्या माणसाचा चेहरा हलू नये म्हणून शटर निदान १/१२५ ठेवावं लागतं. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. समजा त्या उजेडात कॅमेरा १२,८०० आयएसओ मागतो. म्हणजे फोटोत चेहऱ्यापेक्षा दाणेच जास्त. तिथे ५० मिमी एफ १.८ लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि तोच फोटो १,३०० आयएसओच्या आसपास निघतो. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातल्या लेन्समध्ये असते.

याच रात्रीसाठी पुष्कळ जण फुल फ्रेम बॉडी घेण्याचा विचार करतात. तिचा सेन्सर क्रॉपपेक्षा सव्वादोन पट मोठा, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात एका स्टॉपहून थोडाच जास्त फायदा. स्वस्त ५० मिमीने मिळतात सव्वातीन स्टॉप. नवी फुल फ्रेम बॉडी घेऊन त्यावर मंद झूम लावणारा माणूस जुन्या क्रॉप बॉडीवर एफ १.८ लावणाऱ्याच्या मागेच राहतो, आणि खर्च मात्र कितीतरी पट करतो. कुणी म्हणेल की एफ १.८ ला खोली उरत नाही, आणि ते खरं आहे. क्रॉप बॉडीवर तीन मीटरवरच्या माणसाभोवती जेमतेम पंचवीस सेंटिमीटर धारदार राहतं. पुढचा खांदेकरी स्पष्ट, मागचा पुसट. पण लेन्स उघडता येत असेल तर एफ २.८ वर आणून ठेवण्याचा पर्यायही तुमच्या हाती असतो आणि तरीही एफ ५.६ पेक्षा चौपट प्रकाश मिळतो. जी लेन्स उघडतच नाही, तिच्या मालकाला निवडीचा प्रश्नच पडत नाही. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनची जाहिरात इथे वाचून सोडून द्यावी. ते तुमचा हात स्थिर करतं, कावड उचलून चालणाऱ्याचे पाय थांबवत नाही.

माझ्या मताला खरा धक्का देणारा आक्षेप माउंटचा आहे. लेन्समध्ये पैसे घालणं म्हणजे एका कंपनीशी बांधून घेणं, आणि डीएसएलआरचे माउंट आता मावळतीला लागले आहेत. मग जुन्या माउंटच्या लेन्समध्ये साठ हजार का अडकवायचे? या आक्षेपामुळे बॉडीची निवड पुन्हा महत्त्वाची होते, पण माउंटपुरतीच. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. त्या लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून कंपनीच्या आजच्या आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात, म्हणून वापरलेली ईएफ टेलिफोटो घेणाऱ्याचं नुकसान होत नाही. निकॉनमध्ये मात्र जरा जपून राहावं लागतं. एफ माउंट १९५९ पासूनचा असला तरी जुन्या डी जातीच्या लेन्सना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते. डी ३५०० किंवा डी ५६०० मध्ये ती नाही, झेड बॉडीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तर या बॉड्यांवर काळजी नाही. मिररलेसमध्येच सुरुवात करणाऱ्याने बॉडीपेक्षा त्या माउंटवर दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स किती मिळतात ते बघावं. सोनीचं दार या बाबतीत पहिल्यापासून मोकळं आहे. कॅननने आरएफचं दार बराच काळ लावून घेतलं होतं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला क्रॉप सेन्सरच्या लेन्सपुरतं ते किलकिलं केलं. लांब लेन्स स्वस्तात हवी असेल, तर वापरलेल्या बाजारात ईएफ आणि एफ माउंटच्या १५०-६०० किंवा निकॉनच्या २००-५०० ला सध्या तरी तोड नाही.

उरला वजनाचा मुद्दा. निकॉनची २००-५०० कॉलरसकट २,३०० ग्रॅम भरते. जिप्सीत तिची अडचण नाही. कापडी पिशवीत चार किलो सोयाबीन भरून ती कठड्यावर ठेवली की स्टँड लागत नाही. पण नरनाळ्याची किंवा गाविलगडाची चढण पायी चढणाऱ्यांसाठी ती नव्हे, आणि घरी राहिलेल्या लेन्सने फोटो निघत नाही. त्यांच्यासाठी कॅननची आरएफ १००-४०० अवघ्या ६३५ ग्रॅमची आहे. ४०० मिमीला ती एफ ८ पर्यंतच उघडते, मात्र पहाडावरच्या उन्हात तेवढं पुरतं. वाइड लेन्सच्या मागे पहिल्या खरेदीत लागू नये असं मला वाटतं. चिखलदऱ्याचं धुकं, गाविलगडाचा दरवाजा किंवा घरातला समारंभ आजचा चांगला मोबाइल पुरेसा टिपतो. पैसे घालायचे ते मोबाइलला जमत नाही त्यासाठी, म्हणजे लांबच्या पक्ष्यासाठी नाहीतर रात्रीच्या चेहऱ्यासाठी. दोन्ही एकाच लेन्सने साधणारी वस्तू हौशी माणसाच्या खिशात बसत नाही, तेव्हा या दोनांतलं एक आधी निवडावं लागेल.

निवडीसाठी कुणाचा सल्लाही लागत नाही. तुमच्या संगणकात गेल्या वर्षभराचे फोटो असतील. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ नोंदलेले असतात. त्यातले मनापासून आवडलेले पन्नास निवडा आणि हे आकडे वहीत उतरवा. बहुतेक फोटो झूमच्या शेवटच्या टोकाला असतील तर लांब लेन्स घ्या. आयएसओ ३,२०० च्या वर साचले असतील तर एफ १.८. आकडे कुठेच गोळा होत नसतील, तर अजून काहीच घेऊ नका. पुढच्या आठवड्यात वापरलेली लेन्स टॉर्च लावून कशी तपासायची, बुरशी कुठे दिसते आणि तसल्या लेन्सला नकार कधी द्यायचा ते पाहू.