कायम साच्यातील ओतकाम

धातूचा रस धातूच्याच साच्यात ओतून आणि तो साचा न मोडता पुन्हापुन्हा वापरून वस्तू घडविण्याच्या पद्धतीस कायम साच्यातील ओतकाम म्हणतात. वाळूचा साचा प्रत्येक नगानंतर मोडावा लागतो. हा साचा उघडून वस्तू काढतात व तो पुन्हा मिटतात. यात रस गुरुत्वाने भरतो. तो यंत्राच्या दाबाने भरल्यास त्या पद्धतीस डाय कास्टिंग असे म्हणतात.

ही कल्पना प्राचीन आहे. चीनमधील हबे प्रांतात शिंगलुंग येथे १९५३ मध्ये इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यानचे बिडाचे साचे सापडले. त्यांत कुदळी, विळे, कुऱ्हाडी इ. अवजारे ओतीत असत. छपाईचे खिळे ओतण्याचा हातसाचाही याच प्रकारचा होय.

कृती : साचा सामान्यतः बिडाचा किंवा पोलादाचा असून त्याचे दोन भाग असतात. वस्तू सहज निघावी म्हणून पोकळीच्या बाजूंना किंचित उतार देतात. वाळूतून हवा निसटते, धातूतून निसटत नाही. म्हणून सांध्यावर बारीक खाचा ठेवतात. ओतण्यापूर्वी साचा तापवून आतून ग्रॅफाइट, संगजिरे यांसारख्या उच्चतापसह पदार्थांचा पातळ लेप देतात. वस्तूतील पोकळीसाठी धातूचा गाभा बसवितात. घट्ट होताना धातू आकुंचन पावून गाभ्याला आवळते, म्हणून तो वेळीच ओढून काढावा लागतो. गुंतागुंतीच्या पोकळीसाठी वाळूचा गाभा वापरतात. अशा साच्यास अर्धकायम साचा म्हणतात.

गुणदोष : धातूचा साचा उष्णता वेगाने शोषून घेतो. या पद्धतीचे गुण व मर्यादा बव्हंशी यातूनच उद्भवतात. रस लवकर घट्ट झाल्याने स्फटिककण बारीक राहतात व वस्तू अधिक बळकट होते. साचा टणक असल्याने मापे अचूक येतात व पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. उलट, पातळ भागात रस पोहोचण्यापूर्वीच गोठण्याचा संभव असतो. साचा दबत नसल्याने आकुंचन पावणारी वस्तू तडकू शकते. बिडाची वस्तू फार जलद निवल्यास तिचा पृष्ठभाग ठिसूळ व अतिकठीण होतो.

साच्याचे आयुष्यही उष्णतेवरच ठरते. ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, त्यामुळे त्याच्या मिश्रधातूंसाठी साचा हजारो वेळा वापरता येतो. पोलादाचा रस सु. १,५००° से. हून अधिक तप्त असतो, तर बिडाचा साचा स्वतःच सु. १,२००° से. च्या आसपास वितळतो. पुन्हापुन्हा तापण्यानिवण्याने साच्याच्या आतल्या पृष्ठावर भेगांचे जाळे पडते व त्याचे ठसे वस्तूवर उमटू लागतात.

साचा तयार करण्याचा खर्च मोठा असतो. म्हणून थोड्या नगांसाठी वाळूचा साचाच परवडतो. एंजिनांच्या दट्ट्यांसारखे, एकाच मापाचे नग मोठ्या संख्येने हवे असतील, तेथे कायम साचा किफायतशीर ठरतो.