विषयांची निवड : मुलांची कीं आईबापांची ?

दहावीचा निकाल लागला कीं, घरोघर पेढे वांटले जातात. आणि त्या पेढ्यांची गोडी जिभेवर आहे तोंच एक अवघड प्रश्न पुढें येऊन उभा राहतो. अकरावीला कोणते विषय घ्यावयाचे ? कला, वाणिज्य कीं विज्ञान ? अर्जावर खूण करण्यास क्षणहि लागत नाहीं. परंतु त्या खुणेचे परिणाम पुढें अनेक वर्षें भोगावे लागतात. म्हणून, श्रोते हो, या निवडीचा आज आपण थोडा शांतपणें विचार करूं.

बहुतेक घरांत ही निवड गुण पाहून होते. नव्वदांच्या पुढें गुण मिळाले तर विज्ञान, थोडे कमी पडले तर वाणिज्य, आणि फारच कमी असले तर कला ! जणूं कांहीं या शाखा नसून आगगाडीचे उतरत्या भाड्याचे डबेच आहेत. वास्तविक महाराष्ट्रांत दहावीची टक्केवारी सहांपैकीं ज्या पांच विषयांत अधिक गुण असतील त्यांवरून काढतात. एखादें मूल गणितांत कच्चें असलें, तरी तो कच्चेपणा या बेरजेच्या आड लपूं शकतो. म्हणून एकंदर टक्के बाजूला ठेवून प्रत्येक विषयाचे गुण वेगळे पाहावे. आणि ते विषय समजल्यामुळें मिळाले कीं नुसत्या पाठांतरानें, हें मुलालाच विचारावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, एखादा विषय सोडला असतां कोणतीं दारें बंद होतात, हें आधीं माहीत असावें. वैद्यकीचें शिक्षण घ्यावयाचें तर भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय हवेतच. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस जीवशास्त्राच्या जागीं गणित लागतें. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून भूदलांत जाण्यास कोणत्याहि शाखेची बारावी चालते. परंतु नौदल व वायुदल यांसाठीं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक आहेत. वाणिज्य शाखेंत गणित ऐच्छिक असल्यामुळें पुष्कळ मुलें भीतीनें तें सोडतात. पुढें दिल्ली विद्यापीठांत अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यावी असें वाटलें, म्हणजे त्याच गणिताची उणीव भासते. उलट कायदा, सनदी लेखापालाचा अभ्यास, किंवा पदवीनंतरची लोकसेवा आयोगाची परीक्षा, यांचीं दारें तिन्ही शाखांना उघडीं आहेत.

हें ऐकून कोणी म्हणेल, "मग सरसकट विज्ञानच घ्यावें, विज्ञानाकडून कलेकडे येतां येतें, कलेकडून विज्ञानाकडे जातां येत नाहीं." या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. माझ्या परिचयाच्या एका घरीं नेमकें हेंच झालें. मुलाला इतिहासाची ओढ. सुटी लागली कीं किल्ले पाहावे, शिलालेखांचे ठसे घ्यावे, हा त्याचा छंद. गुण चांगले पडले, तेव्हां वडील म्हणाले, "आधीं विज्ञान तर घे, पुढें पाहूं." दोन वर्षें शिकवण्यांत गेलीं. मुलगा जेवतांना बोलेनासा झाला. बारावी कशीबशी पार पडल्यावर त्यानें आपण होऊन कलाशाखेंत नांव घातलें, आणि तेथें तो रमला. वडील मला म्हणाले, "दोन वर्षें गेलीं याचें मला दुःख नाहीं. मीं त्याला एकदांहि विचारलें नाहीं, याचें वाटतें."

मग विचारावें तरी कसें ? "तुला कोण व्हावयाचें आहे ?" या प्रश्नाचें उत्तर पंधरा वर्षांच्या मुलापाशीं बहुधा नसतें. त्याऐवजीं कोणी न सांगतां तें काय वाचतें, कशांत वेळेचें भान विसरतें, याकडे लक्ष द्यावें. बालभारतीचीं अकरावीचीं पुस्तकें संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात. सुटींत अर्थशास्त्र, गणित, जीवशास्त्र, इतिहास यांचे दोन दोन धडे मुलानें स्वतः वाचावे; कोणता धडा पुढें वाचावासा वाटला, तें त्याचें त्यालाच कळेल. त्या शाखेंत शिकणाऱ्या एखाद्या बारावीच्या विद्यार्थ्याची गांठ घालून द्यावी. आणि शेवटीं, "हे विषय मी कां घेतों ?" याचें उत्तर मुलाकडून चार ओळींत लिहवून घ्यावें. त्या ओळींत मित्राचें नांव किंवा शेजाऱ्यांचें मत आलें, तर निवड अजून झालेली नाहीं असें समजावें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कला व विज्ञान यांमध्यें कठोर भेद नसावा असें म्हटलें आहे. तो भेद व्यवहारांत मिटेल तेव्हां मिटो. माहिती मिळवून देणें हें आईबापांचें काम आहे, आणि निवड करणें हें मुलाचें. निवड चुकली तरी आपण पाठीशीं आहों, एवढा विश्वास मात्र त्याला खूण करण्यापूर्वींच मिळावयास हवा.