आजींना पुरातून कोण उचलणार?

पंचगंगा फुगली की कोल्हापुरात एकच चौकशी सुरू होते: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पण घरातल्या, न चालणाऱ्या माणसाला कितव्या फुटाला हलवायचं, हे फार थोड्या घरांत ठरलेलं असतं.

सुरुवात नावांपासून करा. दिव्यांग हक्क कायद्याच्या (2016) कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या यंत्रणेने, दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. आपल्या माणसाचं नाव तिथे आहे का, ते विचारून घ्या. गुडघे गेलेल्या पण प्रमाणपत्र नसलेल्या आजींचं नाव त्यात नसणार. गल्लीची वेगळी यादी आशाताईंना सोबत घेऊन करावी. कुठल्या घरात कोण अंथरुणाला आहे, हे त्यांना माहीत असतं.

आता प्रत्येक नावापुढे उचलणाऱ्या दोघांची नावं लिहा. बहुतेक याद्या इथेच फसतात. ‘गावातले तरुण’ असं लिहिलेलं असतं आणि ऐन वेळी तरुण गोठ्यातली जनावरं सोडवत असतात. मुलगा पुण्याला असेल तर त्याचं नाव नको, शेजाऱ्याचं लिहा.

निघायचं ते इशारा पातळीलाच. तोवर रिक्षा दारात येते. नंतर बोट येते, आणि हलत्या बोटीत म्हाताऱ्या माणसाला चढवणं किती अवघड, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आजी “एवढ्यात कशाला?” म्हणणारच. हे बोलणं मे महिन्यात उरकून घ्या. ऐकू न येणाऱ्याला भोंगा कळत नाही, त्याला सांगायला घरी कोण जाणार तेही ठरवा.

उचलायला हातांची, भक्कम लाकडी खुर्ची घ्या. जुन्या साडीचा पट्टा पोटावरून बांधा. जिना उतरताना खुर्ची मागे कललेली, माणसाचं तोंड उतरण्याच्या दिशेला. एक जण पाठ धरतो, दुसरा पुढचे पाय. आधी रिकाम्या खुर्चीने करून पाहा, वळणावर ती अडकते का ते लगेच कळतं.

पिशवीत आठवड्याची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, आधार कार्डाची प्रत. इन्सुलिन थेट बर्फात ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. काठी, वॉकर माणसासोबतच हवा, मागच्या टेम्पोत नको.

निवारा आधी बघून या. शाळेचा वर्ग पहिल्या मजल्यावर आणि संडास भारतीय पद्धतीचा असेल, तर आजी पाणी पिणंच बंद करतात. खुर्चीच्या मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवता येते. कुणाला ओशाळं वाटू नये म्हणून आडोशाला एक चादर न्या.

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी दोन्ही शेजाऱ्यांना बोलावून दारापासून रिक्षापर्यंत एकदा रंगीत तालीम करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आजींच्या उशाशी, ठळक अक्षरात लिहून चिकटवा.