ओटा कोपराच्या मापाचा हवा

कसबा पेठेत आपली घरे केवढी, हे सांगायला नको. दहा बाय दहाची खोली, एका भिंतीला ओटा, समोर पोरांचा अभ्यास आणि रात्री तिथेच अंथरुणे. ज्याला आता ‘ओपन किचन’ म्हणतात ते आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे. चार पैसे साठले की जुना कडप्पा काढून ग्रॅनाइटचा ओटा घालायचे काम निघते. दगडाचा रंग ठरतो, टाइल्स ठरतात. उंची मात्र कोणी विचारीत नाही, ती मिस्त्री ठरवतो.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचे असेच झाले. त्या चार घरी स्वयंपाकाला जातात. नवा ओटा बसवला तेव्हा त्या कामावर होत्या. संध्याकाळी येऊन पाहतात तो ओटा ३६ इंच, आणि मावशींची उंची चार फूट दहा इंच. “उंच वाटतोय,” त्या म्हणाल्या. मिस्त्री म्हणाला, “मावशी, आता सगळीकडे हीच साइज चालते. होईल सवय.” सवय झाली नाही, उजवा खांदा मात्र दुखायला लागला. मलम झाले, गोळ्या झाल्या. एक दिवस त्यांना भाकरी थापताना पाहिले तेव्हा उलगडा झाला. मावशी टाचा उचलून थापत होत्या.

३६ इंच हे माप अमेरिकेतल्या ओट्यांचे. भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. आपल्या वस्तीत त्याहून बुटक्या बायाही पुष्कळ. ओटा उंच असला की खांदे वर उचलले जातात आणि मान व खांद्याचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. ओटा ठेंगणा असला की कंबरेतून वाकावे लागते आणि सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. एका दिवसात काही बिघडत नाही, पण रोजचे तीन-चार तास वर्षानुवर्षे जमा होतात. बाहेर चार घरी राबून आलेल्या बाईचे तर ते दुप्पट होतात.

तांबट आळीत मठार काम करणारा कारागीर जमिनीवर बसून ठोकतो आणि त्याची अवजारे त्या बैठकीसाठीच बनलेली असतात. मग बाईच्या कामाची जागा तिच्या शरीराप्रमाणे का असू नये?

माप कसे घ्यावे

घरात जी सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करते, तिने अनवाणी सरळ उभे राहावे. दंड अंगालगत सैल सोडून कोपर काटकोनात वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर दुसऱ्याने टेपने मोजावे. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरणे, निवडणे, वाढणे अशा हलक्या कामाच्या ओट्याची उंची मिळते. कणीक तिंबणे, भाकरी थापणे यांत अंगाचा जोर लागतो. त्यासाठी जागा कोपराखाली ६ ते १० इंच असावी.

हिशेबाला सोपे जावे म्हणून काही अंदाज देते:

उंची ४ फूट १० इंच: ओटा सुमारे ३१ इंच.
उंची ५ फूट: ओटा ३२ ते ३३ इंच.
उंची ५ फूट ३ इंच: ओटा ३४ ते ३५ इंच.

हे अंदाज आहेत. खरे माप तुमच्या कोपराचेच धरा.

शेगडी आणि सिंक यांचा हिशेब वेगळा

शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, त्यावर पातेले येते. ३२ इंचाच्या ओट्यावर शेगडी ठेवली की पातेल्याचा काठ ४० इंचांच्या वर जातो. पाच फुटी बाईचे कोपर ३८ इंचांच्या आसपास असते. म्हणजे ढवळताना दर वेळी हात वर उचलायचा. म्हणून जमल्यास शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घ्यावा. भाकरीलाही तीच बाजू सोयीची पडते.

सिंकचे उलटे आहे. भांडी घासताना हात काठावर नसतात, सिंकच्या तळाशी असतात, आणि तळ सात-आठ इंच खाली असतो. म्हणून सिंकचा काठ ओट्यापेक्षा दोन-तीन इंच वर असला तर वाकावे लागत नाही.

सिलिंडर विसरू नका

शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच जागी असावी आणि सिलिंडर उभाच ठेवावा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच असतो, रेग्युलेटर लावल्यावर २८ इंचांपर्यंत जातो. म्हणून खाली घेतलेल्या भागाखाली तो मावणार नाही. बाजूच्या उंच भागाखाली त्याची जागा ठेवा. खाली दारे लावणार असाल तर तळाशी जाळी किंवा भोके हवीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. रबरी नळीवरची तारीख पाहून पाच वर्षांत ती बदला.

एकाच खोलीत लहान मूल असेल तर खाली घेतलेली शेगडी त्याच्या हाताला लागू शकते. ती ओट्याच्या काठापासून आत, भिंतीच्या बाजूला सरकवा आणि भांड्यांचे दांडे आत वळवून ठेवा.

मिस्त्रीला काय सांगावे

माप “तयार फरशीपासून तयार दगडाच्या वरपर्यंत” असे सांगा. नाहीतर ओटा आधी होतो, फरशी मागून चढते आणि उंची इंच-दीड इंच कमी भरते. ओट्याखाली पायाचे चवडे जातील एवढी तीन इंच खोल, चार इंच उंच खाच ठेवा. त्यामुळे ओट्याला भिडून उभे राहता येते, पुढे झुकावे लागत नाही.

दगड कापण्याआधी परीक्षा घ्या. टेबल किंवा पत्र्याची ट्रंक घेऊन खाली विटा रचा आणि ठरवलेली उंची करा. हलत नाही ना, ते पाहा. त्यावर परात ठेवून दोन दिवस कणीक मळा. कुठे ताण येतो ते अंगच सांगते. विटा काढता-घालता येतात, बसवलेला ग्रॅनाइट नाही.

सासू बुटकी आणि सून उंच असेल तर? दोघी सारख्याच राबत असतील तर बुटकीच्या मापाने ओटा घ्या. उंच बाईला जाड लाकडी फळी टाकून ओटा वर घेता येतो. बुटकीने गरम तेलाजवळ, ओल्या फरशीवर पाटावर चढून उभे राहणे धोक्याचे.

ओटा आधीच झाला असेल तर

मावशींचा ओटा काही फुटला नाही, त्यासाठी पुन्हा पैसे कुठून आणणार? भाकरीसाठी त्यांनी भक्कम ठेंगणे टेबल केले, भाजी स्टुलावर बसून चिरायला लागल्या. उभे राहून काम असेल तेव्हा चार-पाच इंच उंच लाकडी ठोकळ्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवतात. खांद्याला आता पुष्कळ आराम आहे.

मात्र पायात कळ उतरत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड जात असेल, तर नुसत्या ओट्यावर विसंबू नका. मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून गाठा. पाय लुळे पडले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी जा.

मिस्त्री दारात येईल त्या दिवशी घरातल्या बाईने कामावरून अर्धी सुट्टी घ्यावी. घरच्या माणसांनीही तिला विचारल्याशिवाय दगडावर खूण करू देऊ नये. ओटा वीस वर्षे टिकतो आणि ती वीस वर्षे त्याच्यासमोर तिलाच उभे राहायचे असते.