डबीतली ओल

फाल्गुन लागला की सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रावर पावसाची वाट कोणी बघत नाही. रब्बी ज्वारी पेरायची सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पुढे काढणीपर्यंत ती जगते काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर. त्यामुळे हंगाम कसा आहे हे कळायला आभाळापेक्षा गिरमिट उपयोगी पडतं.

गिरमिट पिळत पिळत खाली घालायचं. वरच्या 15 सेंटिमीटरची माती राखाडी, कोरडी ठाक; बोटांना नुसती धूळ लागते. मग 30, 45, 60. प्रत्येक थराची माती वेगळ्या ॲल्युमिनियमच्या डबीत घालून झाकण लगेच लावायचं, कारण मार्चच्या उन्हात डबी उघडी राहिली तर मोजायचं तेच उडून जातं. 60 सेंटिमीटरवरची माती अजून गडद असते, मुठीत दाबली तर गोळा होतो. डब्यांचं वजन करून त्या 105 अंशांच्या ओव्हनमध्ये दिवसभर ठेवतात आणि पुन्हा तोलतात. घटलं तेवढं पाणी.

पण ते सगळंच पिकाचं नसतं. चिकणमाती पाण्याचा काही भाग इतका घट्ट धरते की मुळांना तो ओढताच येत नाही. ओलीचा आकडा 15 टक्के दिसावा आणि ज्वारीने मात्र माना टाकाव्यात, हे काळ्या रानात नवल नाही. शिवाय माती आकसून भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो, आणि खालची ओलही त्या वाटेने निघून जाते. म्हणून तर पेरणीनंतर आठव्या आठवड्यातली कोळपणी दातेरी कोळप्याने करायला सांगतात: भेगा बुजल्या पाहिजेत.

हे शहाणपण जुनं आहे. सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 साली सुरू झालं. बांधबंदिस्ती, कमी बियाणं, दोन ओळींत जास्त अंतर, वारंवार कोळपणी असं त्याचं सूत्र होतं. या कामातले एन. व्ही. कानिटकर यांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक 1944 साली निघालं. त्यात आज उलटं करावं असं फारसं काही सापडत नाही, असं माझं मत.

हवामानाच्या नोंदी सकाळ-दुपार होतात. पांढऱ्या झडपांच्या पेटीत कोरडा आणि ओला तापमापक. बाहेर बाष्पीभवनाचं पात्र, 122 सेंटिमीटर व्यासाचं, वर जाळी, नाहीतर पाखरंच पाणी पिऊन नोंद बिघडवतील. या दिवसांत पात्रातलं पाणी झपाट्याने उतरतं. पर्जन्यमापक बहुधा कोरडाच, आणि तो कोरडा राहावा हीच सगळ्यांची इच्छा. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून कोणी विसरलेलं नाही. गारा नकोतच, पण पक्व कणसांवर नुसता अवकाळी शिंतोडा झाला तरी मोत्यासारखा दाणा काळा पडतो आणि बाजारात भाव पडतो.

ओलीने वेळेआधी दगा दिला की उरतो खडखड्या. बाहेरून ताट बरं दिसतं, वाऱ्याने बुंध्यापाशी मोडतं. ते उभं चिरून पाहिलं तर आतला गाभा गायब, नुसते सुटे धागे, आणि त्यांवर बुरशीचे बारीक काळे ठिपके. हा रोग दाणा भरताना पाण्याचा ताण पडला की जोर करतो. जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण सांगतात ते यासाठीच: हलक्या रानाला लवकर येणारी फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा यशोदा.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला. मग बायका ताटं मुळासकट उपटतात, कणसं मोडतात. प्रयोगाच्या वाफ्यात कडेच्या ओळी आधी वेगळ्या काढतात. त्यांना मोकळी जागा आणि जास्त ओल मिळालेली असते, त्यांचं वजन धरलं तर हिशेब खोटा. उरलेल्याचा दाणा तोलायचा आणि कडबाही. या भागात कडबा ज्याचा आखूड, त्या वाणाला दाणा कितीही उतरो, शेतकरी दारात उभं करत नाही. तुलनेला शेजारच्या वाफ्यात मोहोळला निवडलेली मालदांडी असतेच. 1930च्या दशकातली ती निवड अजून पेऱ्यात टिकून आहे, आणि नव्या वाणाला तिच्यापुढे दाणा आणि कडबा दोन्ही दाखवावा लागतो.