उद्या टेबलावर उभी राहणारी भीमथडी घोडी

पहाटे पावणेसहाला उठले आणि चहाच्या आधी दिवा तिरपा करून घोडीवर धरला. रंगाच्या चुका समोरच्या उजेडात दिसत नाहीत. उजेड कडेने आला की पोटाखालची एखादी रेघ, मानेवर अडकलेला ब्रशचा केस, सगळं उघडं पडतं. रात्रीचा मॅट व्हार्निशचा थर नीट बसला होता. उद्या पेनसिल्व्हेनियातल्या एका फायर हाउसच्या हॉलमध्ये मॉडेल घोड्यांचा शो आहे. इथून, न्यू जर्सीहून, दोन तासांची वाट. म्हणजे आजचा एवढा एकच दिवस हातात.

घोडी १४ सेंटिमीटर उंच आहे, जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. हा आकडा पुरंदर तालुक्यातल्या आमच्या रानातून आला. दरवर्षी मेंढपाळ परतीच्या वाटेवर आमच्याकडे मेंढरं बसवतात, त्यांच्याबरोबर सामान वाहणारी एक कुमाईत, म्हणजे तांबूस अंगाची, भीमथडी घोडी असते. गेल्या मे महिन्यात दादाने तिला टेप लावला तेव्हा ती १२६ सेंटिमीटर भरली. या छंदातलं मोठं माप १:९ चं, ब्रायर कंपनीच्या ‘ट्रॅडिशनल’ घोड्यांचं. १२६ भागिले ९, बरोबर १४.

ब्रायरचा पहिला घोडा १९५० साली आला, तो एका घड्याळाच्या शोभेसाठी. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला. आता दर जुलैत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला त्यांचा मेळाच भरतो. माझ्यासारखे लोक जुना, ओरखडलेला घोडा स्वस्तात घेतात (त्याला आम्ही ‘बॉडी’ म्हणतो), हीट गनने प्लास्टिक मऊ करून मान वळवतात, इपॉक्सीच्या मातीने आयाळ, शेपटी, स्नायू नव्याने घडवतात आणि मग रंगवतात. या घोडीची मान मी खाली आणली. ओझं घेऊन दिवसभर चालणारं जनावर मान ताठ ठेवत नाही.

साडेसहाला दादाचा व्हिडिओ कॉल. तिकडे चार वाजून गेले होते. तो बांधावर, शेजारी मेंढरांचे बापू. मला आज एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. गेल्या वर्षी अशाच एका घोडीवर मी सामान लादून तिला परफॉर्मन्स क्लासमध्ये उभी केली होती. त्या वर्गात घोडा नुसता सुंदर असून भागत नाही, तो जे काम करताना दाखवलाय ते खरोखर होईल का, हे पाहतात. जजने कागदावर लिहिलं होतं: उतारावर हे ओझं पुढे का सरकणार नाही? प्रश्न रास्त होता. मी तंग बांधला होता, बाकी सगळं डोळ्यांना बरं दिसेल तसं गुंडाळलं होतं.

“दादा, बापूंना विचार ना, घाट उतरताना ओझं मानेवर येत नाही का?”

बापूंनीच फोन हातात घेतला. “येतंय की, ताई. म्हून तर दुमची. श्येपटाखालनं दोरी घ्यायची, पर नुसती न्हाई, चिंधी गुंडाळून. न्हाईतर जनावराला कापतीया. आन दोन्ही अंगाला वजन सारकं पायजे. एक बाजू जड झाली की खोगीर फिरलंच म्हून समजा.”

चिंधी. कुठल्याही फोटोत मला ती दिसली नव्हती, कारण ती शेपटीखाली असते. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आठला लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवलं. साडेआठ ते दहा खिडकीपाशी डोळे आणि खूर. डोळा आधी पूर्ण गडद तपकिरी, मग त्यात आडवी बाहुली, कारण घोड्याची बाहुली माणसासारखी गोल नसते. मग वरच्या बाजूला निळसर उजेडाचा बारीक ठिपका आणि शेवटी चकचकीत व्हार्निशचा एकच थेंब. या थेंबाआधी प्लास्टिक असतं आणि नंतर कुणीतरी आपल्याकडे बघायला लागतं. सात वर्षं हे करतेय, तरी त्या क्षणी श्वास रोखला जातो.

खुरांचंही तसंच शास्त्र. कुमाईत घोडीचे पाय गुडघ्याखाली काळे, म्हणून खूरही काळपट. पण हिच्या मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा आहे, तिथला खूर फिका, मेणासारखा हवा. चारही खूर एका रंगाचे केले, तर ज्याला घोडे कळतात त्याच्या ते लगेच लक्षात येतं. कपाळावरचा भोवरा मात्र मी हौसेने रंगवला. आपल्याकडे घोडा घेताना आधी भोवरे बघतात. तिकडचा कुणी जाणकार समोर आला, तर त्याने पहिल्यांदा तिथेच बघावं असं मला वाटतं.

अंगाचा रंग पेस्टल खडूंचा. खडू घासून पूड करायची, मऊ ब्रशने चोळायची, वर मॅट स्प्रे, तो वाळला की पुढचा थर. असे अकरा थर झालेत. तैलरंगांनी खोली अधिक येते, पण ते वाळायला दिवस घेतात. अकराला हवा कोरडी झाली तशी मास्क लावून, घोडीचे डोळे झाकून, मागच्या अंगणात शेवटचा फवारा मारला. दमट हवेत हा स्प्रे दुधाळ होतो आणि महिन्याची मेहनत धुक्याखाली जाते. आज काचेसारखं स्वच्छ उतरलं.

बारा ते तीन घोंगडं. दिवसातलं माझं सगळ्यात लाडकं काम. खरं घोंगडं २७० सेंटिमीटर, माझं ३०. बाजारातली सगळ्यात बारीक लोकरही या मापात दोरखंडासारखी दिसते, म्हणून धाग्याचे पदर सोडवून एकेका पदरावर, पुठ्ठ्याच्या मागावर ते विणलं. काळं, कडेला पांढरी रेघ. पण विणून झालं तरी ते घोडीच्या पाठीवर टेकत नव्हतं, तंबूसारखं फुगून उभं राहायचं. लहान मापातल्या कापडाची हीच अडचण. घोडी नवव्या हिश्शाएवढी होते, पण धाग्याचा ताठपणा तेवढा कमी होत नाही आणि कापडाला खाली ओढायला वजन तर उरतच नाही. त्यामुळे झूल असो, खोगिराखालची घडी असो, पडायला हवी तशी पडत नाही.

मग खळ आठवली. घोंगडी विणणारे सनगर घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, लोकर घट्ट बसावी म्हणून. लहानपणी नव्या घोंगड्याला येणारा तो आंबूस वास आणि गालाला टोचणारा ताठपणा त्याच खळीचा. एडिसनमधल्या वाणसामानाच्या दुकानातून बी असलेली चिंच आणली होती, तिचे चिंचोके भाजले, सोलले, वाटून शिजवले. घोडीच्या पाठीवर प्लास्टिकचा पातळ कागद घातला, खळीत भिजवलेलं घोंगडं त्यावर ठेवलं आणि बोटाने, मग टूथपिकने, प्रत्येक घडी जिथे पडायला हवी तिथे दाबली. हळूहळू वाळलं तसं पाठीच्या कण्यावर, बरगड्यांच्या फुगवट्यावर ते बसत गेलं. कागद काढला तेव्हा घडीत वजन दिसत होतं. या छंदातले बहुतेक जण त्यासाठी पातळ केलेला गोंद वापरतात, मीही वापरायचे. खळीने जे येतं ते गोंदाने येत नाही. लोकर लोकरच राहते, तिच्यावर चकाकी चढत नाही.

जेवण उभ्यानेच, कालची आमटी आणि भात.

तीन ते पाच बांधाबांध. दोर म्हणजे लिननच्या धाग्याचे तीन पदर पिळून, मेण लावून केलेली २ मिलिमीटरची दोरी, म्हणजे खऱ्यातली १८ मिलिमीटरची. मेणाने धाग्यावरची लव बसते. ती राहिली तर या मापात दोरीला दाढी फुटल्यासारखी दिसते. आधी घोंगडं, त्यावर गोणपाटाचं खोगीर, मग तंग, मग दुमची, शेपटीखाली चिंधी गुंडाळून. चहात रंगवलेल्या मलमलीची दोन पोती, आत बारीक वाळू. दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. एक ११ ग्रॅम, दुसरं १३. दोन ग्रॅम कुणाला दिसणार नव्हते. तरी उसवून वाळू काढली, कारण बापूंनी सांगितलं होतं. शिवून चढवल्यावर पोती दोन्ही अंगाला सारखी लोंबली, खोगीर मधोमध बसलं आणि मला कळलं की ते दिसलं असतं. वर वाकळ, दोन पातेली, काठ्यांची मोळी आणि नुकतंच जन्मलेलं एक कोकरू, पोत्यांच्या मधल्या खळग्यात.

पाचला लेक आली, हात धुऊन शेजारी बसली. “आई, कोंबडी मी करणार होते ना?” तिने मातीची कोंबडी केली, पाय दोऱ्याने बांधले आणि पातेल्याशेजारी ठेवली. कोंबडीचा तुरा जरा मोठा आहे. राहू दे.

सातला कार्ड लिहिलं. जजला हा घोडा ओळखीचा नसणार, म्हणून शेजारी माहितीचं कार्ड लागतं. आधी त्यावर लिहायला दादाचे फोटो सोडून माझ्याकडे काही नव्हतं आणि ही खरंच वेगळी जात आहे का, असा प्रश्न व्हायचा. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची जात म्हणून रीतसर नोंद केली आहे, ती मी पहिल्या ओळीत घातली. मग लिहिलं: भीमेच्या खोऱ्यातलं हे घोडं, मराठ्यांच्या फौजा याच्यावर दौडल्या, आज ते मेंढपाळांचा संसार वाहतं. दुमचीला आणि चिंधीला एक स्वतंत्र ओळ दिली. नंबर आला तर उत्तमच, पहिल्या दोघांना राष्ट्रीय शोची पात्रता मिळते. मला त्याहून जास्त हवंय ते जजने वाकून शेपटीखाली बघणं.

साडेआठला सगळं उतरवलं. घोडी प्रवासात उघडीच असते, मऊ कापडात गुंडाळून, पाय फोमच्या खाचेत. सामान वेगळ्या डब्यात, चढवायच्या क्रमाने. टेबलावर बांधायला वीस मिनिटं मिळतील असं धरून दोनदा घड्याळ लावून बांधलं, दुसऱ्यांदा अठरा लागली.

नऊला फोन वाजला. तिकडे सकाळचे साडेसहा. दादाने फोटो पाठवला होता. बापूंनी तळ हलवला, मेंढरं बांधावरून उतरताहेत आणि पुढे सामान लादलेली तीच कुमाईत घोडी. फोटो मोठा केला. दुमची दिसली नाही, पोती दिसली, काठ्या दिसल्या आणि वर कोकराचं डोकं. त्याचं तोंड घोडीच्या मानेकडे नव्हतं, मागे होतं, कळपात चालणाऱ्या आईकडे.

मी डबा परत उघडला, वाकळीची गाठ सोडली आणि कोकरू फिरवून बसवलं.